कल्हई जाते कुठे

धाकटी आमच्या घरात आली त्या पहिल्याच महिन्यात तिने मला विचारलं होतं, "ताई, या पातेल्याची कल्हई दर दोन महिन्यांनी उडते म्हणता, मग ती जाते कुठे?"

"जाते कुठे म्हणजे? झिजते," मी म्हटलं. "माणूस झिजतो तशी."

हाच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी चार दिवस त्यावर डोकं चालवलं असतं. असल्या गोष्टींवर डोकं चालवायचा मला नादच आहे. पण विचारणारी धाकटी होती, त्यामुळे मला प्रश्न ऐकूच आला नाही. एवढंच ऐकू आलं, की बाईसाहेबांना माझ्या पातेल्यात खोट दिसली.

आमचं घर म्हणजे खाली कारखाना आणि वर आम्ही. कारखाना तरी कसला, दोन लेथ, एक करवत, भिंतीला टेकवलेले ओंडके आणि कुठेही हात लावा तिथे भुसा. सासरे, म्हणजे मामंजी, आणि आमचे हे लेथवर असतात. कपाटांच्या मुठी, पडद्यांची कडी, कपडे अडकवायच्या खुंट्या कातून काढतात. धाकटे दीर तो माल घेऊन दुकानं पालथी घालतात. धाकटी त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये शेगडी, पातेलं आणि मी. रंगाचं खातं माझं.

ते मला कुणी दिलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा डब्यातला रंग ब्रशने फासायचे. त्या वासाने डोकं उठायचं आणि बोटांची सालं निघायची. आमच्या गल्लीच्या टोकाला कांदा तळून पाकिटात भरायचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या दाराशी कांद्याच्या सालींची पोतीच्या पोती पडलेली असायची. एकदा त्यातली ओली पोती ओढून बाजूला केली, तर तळहातावर असा पिवळा रंग बसला की तीन दिवस निघेना. म्हटलं, जो रंग माझ्या हाताला सोडत नाही तो लाकडाला कशाला सोडेल?

मग काय, उकळ उकळ उकळलं. ॲल्युमिनियमच्या टोपात, मडक्यात, लोखंडी कढईत. कढईत काळपट हिरवा झाला, टोपात मळका. शेवटी एक खानावळ बंद पडली, तिथलं तांब्याचं मोठं पातेलं मिळालं, आतून कल्हई केलेलं. रसवाल्याच्या दुकानातून पिळून टाकलेली लिंबं मी भांडी घासायला आणायचे. एकदा ती चुकून त्या पातेल्यातच पडली, आणि रंग पेटला. दुसरा शब्द नाही. असा नारिंगी, की पडद्याचं कडं बघून लोक पडदा बघायचे विसरायचे.

तेव्हापासून लिंबं घालूनच. वीस वर्षं तो रंग माझा. दुकानदार मला रंगवाल्या बाई म्हणतात. दहावी नापास बाईला याहून मोठी पदवी कुठली मिळायची? रंग झाला की नाही हे बघायची माझी एक खूणही होती. काडी बुडवून जिभेच्या टोकाला लावायची. झाला असेल तर तुरट चवीच्या मागून किंचित गोडी यायची, विशेषतः गेल्या तीन-चार वर्षांत. मला वाटायचं, हात बसला आता.

मामंजी बोलायला मोजून मापून. वीस वर्षांत माझ्या रंगाला दोनदा "बरा आहे" म्हणाले. दोन्ही वेळा मी आत येऊन ह्यांना सांगितलं होतं.

धाकटी रसायनशास्त्र शिकलेली. लग्नाआधी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत तपासणीच्या खोलीत काम करायची. ती आली ती वीजकाटा, थर्मामीटर आणि एक वही घेऊन. चमच्याने साखर घेताना माझा हात सैल, तर ती मीठ सुद्धा वजन करून घालेल असं वाटायचं. एक दिवस शेडमध्ये येऊन म्हणाली, "ताई, या सालींत नुसता रंग नाही. बुरशीला आळा घालणारं द्रव्य पण आहे. ते वेगळं काढलं तर लाकूड दमट जागी सुद्धा टिकेल. लोक फेकून देतात त्यात केवढं काय काय असतं बघा."

मी म्हटलं, "हो का?" वीस वर्षं माझी कडी कुजली नव्हती हे मला माहीत होतं. का कुजली नव्हती हे तिला माहीत होतं. आणि संध्याकाळी तिने मामंजींना वहीतला आकडा दाखवला तेव्हा मामंजी म्हणाले, "वा."

वीस वर्षांत दोनदा बरा आहे, आणि वीस दिवसांत एक वा. मी जेवले नाही. ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"पोट दुखतंय."

"कुणाचं बरं झाल्यामुळे?" हे म्हणाले आणि पाठ करून झोपले. नवऱ्याला कधी कधी नको इतकं कळतं.

त्यानंतर तिने माझ्याकडे कृती मागितली. रीतसर, वही उघडून, "ताई, शिकवा ना" म्हणून. नाही कसं म्हणणार? शिकवलं. फक्त तीन गोष्टी सांगितल्या नाहीत. एक, साली रात्रभर भिजवायच्या. दोन, कच्चट वास जाऊन भाजल्यासारखा वास आला की त्याच क्षणी उतरवायचं, पुढे एक उकळी नको. आणि तिसरं म्हणजे पातेलं. ते मी शेडमधल्या कपाटात घालून कुलूप लावायला लागले. ह्यांनी ते कुलूप पाहिलं आणि म्हणाले, "लग्न याच्याशीच करायचं होतंस. मी उगाच मध्ये आलो."

धाकटीने स्टीलच्या टोपात रंग केला. चहा सांडल्यासारखा झाला. ती वारंवार करत राहिली, वहीची पानं भरत राहिली, पण चहाचं काही केशर होईना. मी येता जाता बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे गं, साधा." साधा या शब्दात किती सुया मावतात हे बायकांनाच माहीत.

एक मात्र मान्य करायला हवं. लहान मुलांची खेळणी करायची कल्पना तिची. दिवस गेल्यावर तिला सुचली आणि मामंजींनी लगेच उचलून धरली. मुलगी झाली. तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण सकाळी उठल्यापासून तोंड बंद नसतं. सहा महिन्यांची झाली, हिरड्या शिवशिवायला लागल्या, तेव्हा धाकटी मामंजींना म्हणाली, "तिला चावायला एक कडं करून द्या ना. बिनरंगाचं."

बिनरंगाचं. ते ऐकून मला जे झालं ते झालं. मामंजींनी कडं कातून ठेवलं, ते मी गुपचूप उचललं, माझ्या सगळ्यात चांगल्या रंगात तीनदा बुडवलं, मेण चोळलं, आणि संध्याकाळी सगळे बसलेले असताना चिमणीसमोर धरलं.

धाकटी हळूच म्हणाली, "ताई, रंग एकदा तपासून घेऊ या का? मग देऊ."

"कांद्याची साल आहे गं ती," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "विष आहे का? की तुझ्या वहीत तसं लिहिलंय?"

दीर हसले. धाकटीने खाली बघितलं. आणि चिमणीने दोन्ही हातांनी ते नारिंगी कडं ओढून तोंडात घातलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दोन महिने ते कडं चिमणीच्या तोंडात होतं. झोपेत सुद्धा.

मग एक खरेदीवाल्या बाई आल्या. बालवाड्यांना खेळणी पुरवायचं त्यांचं काम. मामंजींच्या गाड्या आणि भोवरे त्यांना पसंत पडले, पण रंगाचं म्हणाल्या, "मुलं तोंडात घालणार. प्रयोगशाळेचा अहवाल लागेल. शिसं, तांबं, औषधफवारणीचे अंश, सगळ्याचा. दोन रंग आहेत ना तुमच्याकडे? दोन्ही पाठवा. स्वच्छ निघेल त्यातला एक घेते."

दोन बाटल्या भरल्या. एकीला पांढरा दोरा, तिच्यात धाकटीचा रंग. दुसरीला लाल दोरा, तिच्यात माझा.

आता माझ्या मनातलं सांगते. कांदा तळायच्या कारखान्याशी माझं जुनं बोलणं होतं, तिथली साल मी तिला मिळू दिली नव्हती. ती भाजी बाजाराच्या मागून आणते असं मला कळलं होतं. तो ढीग मला ठाऊक होता. त्याला लागून जुन्या बॅटऱ्या फोडणारे बसतात. काळं पाणी वाहत त्या सालींच्या खाली जातं. मी शहाणी असते तर तिला सांगायला हवं होतं. मी बाटलीचं बूच घट्ट केलं आणि म्हटलं, "दे गं, पोचवून येऊ दे भाऊजींना."

म्हणजे मी वाट बघत होते. तिच्या बाटलीत घाण निघायची वाट.

सोमवारी पाकीट आलं. टपाल मीच घेते. शेडमध्ये नेऊन, कडी लावून फोडलं. दोन कागद. पांढरा दोरा: शिसं आढळलं नाही, बाकी सगळं मर्यादेत. लाल दोरा: तांबं जास्त, कथील बरंच जास्त, शिसं मर्यादेच्या अकरा पट.

मी ते तीनदा वाचलं. मग माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? हे नाही की माझ्या रंगात विष आहे. हे आलं की दोरे बदलले. कुणीतरी चुकून, किंवा कुणीतरी मुद्दाम. आणि मुद्दाम म्हटल्यावर डोळ्यासमोर एकच चेहरा.

संध्याकाळी धाकटीने विचारलं, "ताई, आलं का हो काही प्रयोगशाळेतून?"

"नाही बाई," मी म्हटलं. "सरकारी काम आहे ते, दमाने घे."

ती प्रयोगशाळा सरकारी नव्हती. तिच्या कडेवर चिमणी होती. चिमणीच्या तोंडात कडं होतं. मी ते पाहिलं, आणि पाहून सुद्धा मला फक्त बाटल्याच दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले. तिथला तपासनीस जाड चष्म्याचा, सोशीक माणूस. मी म्हटलं, "तुमच्याकडे दोरे बदलले."

"बाई, आम्ही दोरे बघत नाही. बाटली आली की नंबर टाकतो."

"नंबर टाकताना चुकला असाल."

"एकाचा रंग नारिंगी होता, एकाचा चहासारखा. बदलले असते तर मला पण दिसलं असतं." त्याने चष्मा पुसला. "नारिंगी तुमचा का?"

"माझी साल धुतलेली असते. कारखान्यातली. जमिनीला सुद्धा लागत नाही."

"मग सालीतून नसेल आलं. शिसं आपोआप होत नाही बाई, कुठून तरी येतं. पाणी बघा, भांडी बघा. नाहीतर नवीन नमुना आणा, परत करून देतो."

भांडी बघा म्हणाला तर मला राग आला. माझ्या पातेल्याइतकं लखलखीत भांडं त्याच्या आयाबहिणींनी पाहिलं नसेल. पण नवीन नमुना आणायचा तर तो असा आणायचा, की तो चष्मा दिपून जायला हवा. त्यासाठी पातेल्याला ताजी कल्हई हवी. कल्हईवाल्याकडे बरीच भांडी आलेली होती, त्याने मला पुढच्या मंगळवारचा वार दिला. मी थांबले. रोज सकाळी धाकटी विचारायची, आलं का हो? मी रोज नाही म्हणायचे.

मंगळवारी पातेलं घेऊन गेले. एरवी मी ते सकाळी टाकते आणि संध्याकाळी नेते. त्या दिवशी म्हटलं, समोर बसून करून घ्यावी.

"बसा बाई," कल्हईवाला म्हणाला. भट्टीचा भाता एका पायाने हलवत होता. "तुमचं पातेलं माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. बाकीच्यांची वर्षभर टिकते. तुमचं मेलं खातंच कल्हई."

"माणूस झिजतो तशी," मी सवयीने म्हटलं.

त्याने पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला. मग दोन कांड्या घेतल्या. एक वाकवून तोडली तेव्हा कुरकुर आवाज आला, पायाखाली कोरडी वाळू यावी तसा. दुसरी वाकवली. ती लोण्यासारखी वाकली, आवाज नाही.

"ही का बोलत नाही?" मी विचारलं.

"ती कुरकुरते ना, ते कथील. ही मुकी, हे शिसं."

"ते कशाला घालता?"

"अहो, कथील परवडतंय कुठे. तीन-चार वर्षं झाली, मिसळूनच करतो. सगळेच करतात. पसरतं छान, चकाकी येते. बघा ना कशी चकाकी आहे." त्याने कापसाचा बोळा फिरवला आणि माझं पातेलं आतून आरशासारखं झालं. त्यात माझं तोंड दिसलं, वाकडं आणि मोठं.

कल्हई जाते कुठे, तिने विचारलं होतं. मी लिंबं घालून कल्हईच उकळत होते, ती रंगात नाही तर दुसरीकडे कुठे जाणार? नारिंगी माझ्या हाताचा नव्हता, कथलाचा होता. आणि ती गोडी कांद्याची नव्हती.

मग कुठे मला चिमणीचं कडं आठवलं. आठ दिवसांनी.

पातेलं तिथेच टाकलं. "बाई, घेऊन तरी जा," तो मागून ओरडत राहिला. या वयात मी गल्लीतून पळाले. पोटऱ्या भरून आल्या.

वर आले तर चिमणी चटईवर एकटीच, कडं चघळत, लाळेने हनुवटी चकचकीत. धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिच्या चिमट्यांचा आवाज येत होता. मी फळीवरून धाकटीच्या चहाच्या रंगाचं एक कडं उचललं, ओल्या फडक्याने पुसलं, चिमणीच्या हातात दिलं आणि नारिंगी काढून घेतलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तिने नवीन कडं वर-खाली बघितलं आणि तोंडात घातलं. दोन महिन्यांच्या नारिंगीची तिला काही किंमत नव्हती.

फडक्याने तिचं तोंड पुसलं, हात पुसले. नारिंगी कडं पिशवीत टाकलं. आणि माझ्या लक्षात आलं, झालं की काम. अहवाल माझ्याकडे. कडं माझ्याकडे. आता एवढंच म्हणायचं, की माझं वय झालं, वाफ सोसत नाही, यापुढे रंग धाकटीने करावा. वरून लोक म्हणतील, थोरलीचं मन केवढं मोठं. मामंजी कदाचित वा म्हणतील.

खरं सांगते, ते वा मला ऐकू सुद्धा आलं.

तेवढ्यात धाकटी रिकामी बादली घेऊन आली. तिने चिमणीकडे पाहिलं, तिच्या हातातलं कडं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला.

"ताई, माझ्या रंगाचं दिलंत?" ती म्हणाली. "तुम्ही स्वतः?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटायचं तुम्हाला माझं काहीच आवडत नाही."

तिने माझ्यावर आरोप केला असता तर मी भांडले असते, आणि भांडणात मी हरत नाही. पण हे कसं सोसायचं? मी पिशवीतून नारिंगी कडं काढलं आणि आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवलं.

"यात शिसं आहे," मी म्हटलं. "कल्हईतून येतं. तो कथलात मिसळतो. आत्ता बघून आले."

तिने बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "किती?"

मी अहवाल दिला. तिने तो उभ्या उभ्याच वाचला, मग पाकीट उलटं करून शिक्का बघितला. तिची नजर आकड्यांची, ती चुकत नाही.

"हे मागच्या सोमवारी आलंय."

"हो."

"आज मंगळवार."

"हो."

"मी रोज विचारत होते."

"मला वाटलं बाटल्या बदलल्या. म्हणून परत तपासून घ्यावं..."

"नाही ताई. नीट सांगा."

खालून लेथचा आवाज येत होता. मामंजी काहीतरी बारीक कातत होते, आवाज वर चढत होता. मी म्हटलं, "तुझी बाटली स्वच्छ निघाली होती. बाजारामागच्या ढिगातली साल वापरून पण स्वच्छ. ते मला बघवलं नाही."

"त्या ढिगातली मी एकदाच आणली होती," ती म्हणाली. "खाली काळं पाणी दिसलं, त्याच दिवशी टाकून दिली. साल वसतिगृहाच्या मुदपाकखान्यातून येते." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे तुम्हाला तो ढीग माहीत होता?"

मी मान हलवली. आणखी काय करणार? एका दिवशी माणसाने किती खोटं बोलायचं, याला सुद्धा मर्यादा असते.

तिने चिमणीला उचललं, डोक्याला टोपी घातली, पर्स घेतली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. दारात चप्पल घालताना म्हणाली, "तुम्ही पण चला. रक्त तपासायला. तो रंग जिभेवर तुम्हीच लावत होता ना?"

तिघींचं रक्त काढलं. चिमणीच्या दंडाला फीत बांधली तेव्हा तिने जो आवाज काढला, तो मला अजून ऐकू येतो. धाकटीने तिला घट्ट धरलं होतं. मी हात पुढे केला, तर धाकटी थोडी बाजूला वळली. ओरडून बोलली असती तर बरं, असं वाटलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीण बाईंनी आकडे सांगितले. धाकटीच्या रक्तात नगण्य. चिमणीच्या रक्तात होतं, असायला हवं त्याहून वर, पण औषध सुरू करण्याइतकं नाही. "जिथून येत होतं ते थांबलं ना? मग उतरेल. दूध, पालेभाजी द्या. तीन महिन्यांनी परत बघू." माझा आकडा वाचताना त्या दोनदा चष्म्यावरून बघत राहिल्या. सगळ्यांत जास्त माझ्या रक्तात. पोटदुखी, डोकेदुखी, चिडचिड, त्यांनी एकेक विचारलं, मी हो हो म्हणत गेले.

"चिडचिड कधीपासून?"

"ते शिशाच्या खात्यावर घालू नका," मी म्हटलं. "ती माझी स्वतःची आहे."

धाकटी हसली नाही. पण ओठ घट्ट मिटले, एवढं मी बघितलं.

घरी मी सगळं सांगितलं, जेवायच्या वेळी, कडं समोर दिलं होतं त्याच जागी बसून. ढीग आणि आठ दिवस, दोन्ही. दीर ताट सोडून उठून गेले. ह्यांनी काही विनोद केला नाही. मामंजी पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "ते पातेलं घरात यायला नको." कल्हईवाल्याकडे दुसऱ्या दिवशी मी आणि हे गेलो. त्याच्याकडे रांगेत ठेवलेली भांडी कुणाकुणाची ते विचारून त्या घरी जाऊन सांगितलं. निम्म्यांनी दार लावून घेतलं. कल्हईवाला म्हणाला, "बाई, वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुम्ही." मी म्हटलं, "म्हणून तर."

धाकटी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ द्या, दार लावा. मी शेडची किल्ली तिच्या वहीवर ठेवली आणि म्हटलं, "दोन गोष्टी तुला सांगितल्या नव्हत्या. साल रात्रभर भिजव. आणि थर्मामीटर ठेव बाजूला, मी वास सांगते तेव्हा उतरव."

रात्री साल भिजलेली दिसली. सकाळी आम्ही दोघी स्टीलच्या टोपाशी उभ्या. ती घड्याळाच्या काट्याकडे बघत होती, मी नाक पुढे करून. कच्चट वास होता, होता, मग भाजल्यासारखा झाला.

"उतरव."

"अजून सहा मिनिटं..."

"उतरव गं."

तिने उतरवला. नारिंगी नव्हता. तसा आता कधी होणारही नाही, आणि मला अजून त्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू. पण चहाही राहिला नव्हता. मधाची बरणी उन्हात धरावी तसा होता. खरेदीवाल्या बाईंना पाठवला, अहवाल स्वच्छ आला, गाड्या आणि भोवऱ्यांचं काम मिळालं.

मामंजींनी पहिला रंगवलेला भोवरा हातात फिरवला. धाकटीकडे बघून म्हणाले, "वा."

माझ्या पोटात कळ आली. शिसं उतरत होतं म्हणे, पण हे काही उतरायचं लक्षण दिसेना.

"मामंजी, भिजवायचं आणि उतरवायचं ताईंचं आहे," धाकटी म्हणाली. भोवऱ्याकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही.

मामंजींनी भोवरा परत एकदा फिरवला. "हं," म्हणाले. "बरा आहे."

तिसऱ्यांदा. ह्यांना मात्र मी सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी चिमणीला परत नेलं. आकडा निम्म्याच्या खाली आला होता. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, असाच उतरू द्या. धाकटीने कागद पर्समध्ये ठेवला, चिमणीला स्वेटर घालायला लागली, एका हाताने जमेना. तिने इकडे तिकडे पाहिलं. बाकावर मीच होते.

तिने चिमणीला माझ्याकडे पुढे केलं, आणि अर्ध्यात थांबली.

"हात धुतलेत?"

"धुतले."

"दाखवा."

मी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. नखांत सालीचा पिवळा रंग होता, तो वीस वर्षांत कधी गेला नाही. तिने नखं सुद्धा बघितली. मग चिमणीला माझ्या मांडीवर दिलं.